एवढ्याशा विमानातून अटलांटिक? (नॅरो-बॉडी, म्हणजे एकाच वाटेची विमानं आणि लांबचा पल्ला)

काठावरची

येत्या जानेवारीत आईला (वय ७१) घेऊन डब्लिनहून बॉस्टनला जायचं आहे. तिकीट काढलं, पैसे भरले आणि मग नेहमीच्या सवयीने बारीक अक्षरं वाचली. विमान: ए३२१ निओ एलआर. म्हणजे तेच ना, तीन-तीन खुर्च्या आणि मधे एकच वाट असलेलं? दीड-दोन तासांच्या प्रवासाला असतं ते?

मी आजवर चारदा अटलांटिक ओलांडलाय, चारही वेळा दोन वाटांच्या धिप्पाड विमानातून. हे चित्र पाहून पोटात गोळा आला. आईला अजून सांगितलेलं नाही.

माझे प्रश्न साधे आहेत. एवढ्या छोट्या विमानाला समुद्रावर मधे काही झालं तर? हिवाळ्यातलं वारं त्याला झेपतं का? आणि आईचे गुडघे धरतात, तिला तासा-दीड तासाने उठून चालावं लागतं, ते या बोळात जमेल का? तिकीट बदलून मोठ्या विमानाचं घेता येईल, पण फरक बराच आहे. जाणकारांनी सांगावं, घाबरवू नये.

हजेरीपुरता

मोठ्या विमानालाही इंजिनं दोनच असतात हो आजकाल. बाकी जुना पत्रा येतीलच, मी जागा धरून बसतो.

जुना पत्रा

आलो. आधी एक गैरसमज दूर करतो. एकाच वाटेच्या विमानातून अटलांटिक ओलांडणं हे काही नवीन खूळ नाही. जेट विमानांनी अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली ती अशाच विमानांतून. ४ ऑक्टोबर १९५८ ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट ४ ने लंडन–न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली. त्याच महिन्यात २६ तारखेला पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं. दोन्ही एकाच वाटेची. ७०७ मधे एका रांगेत सहा खुर्च्या, म्हणजे तुम्ही म्हणता तो बोळच. आणि इंधनासाठी वाटेत न्यूफाउंडलंडच्या गँडरला थांबणं हा तेव्हा रोजचा मामला होता.

दोन वाटांचं विमान आलं ते थेट जानेवारी १९७० मधे, ७४७ च्या रूपाने. त्याआधीची अकरा-बारा वर्षं जेटने जाणारा प्रत्येक माणूस बोळातूनच गेला. फार काय, काँकॉर्ड घ्या. रांगेत फक्त चार खुर्च्या, उंच माणसाला दारातून वाकून शिरावं लागायचं, आणि तिकिटाची किंमत ऐकून बसायला लागायचं. त्याला कोणी ‘एवढंसं’ म्हणालं नाही!

नंतरची गोष्ट ७५७ ची. लांबुडकं, उंच पायांचं आणि वजनाच्या मानाने भलतंच ताकदवान. अमेरिकी कंपन्यांनी ते युरोपातल्या मधल्या आकाराच्या शहरांना लावलं. जिथे ७७७ सारखं दोन वाटांचं मोठं विमान भरलं नसतं, तिथे ७५७ भरायचं. २००४ मधे बोईंगने ते बनवणं बंद केलं आणि त्या मापाचं दुसरं काही केलंच नाही. आज एलआर आणि एक्सएलआर (ए३२१ निओची लांब आणि त्याहून लांब पल्ल्याची रूपं) ज्या जागेत शिरलीत, ती जागा ७५७ ने मोकळी सोडलेली आहे.

गुडघ्यात मेंदू

इतिहास छान, पण ७०७ च्या काळात दोन रांगांमधे पाय पसरायला जागा असायची, हेही सांगा की पत्रेकाका.

मी सहा फूट दोन इंच. दोन्ही प्रकारांतून गेलोय. माझं मत: खुर्चीची रुंदी विमानाच्या रुंदीवर नाही, तर कंपनी एका रांगेत किती माणसं कोंबते यावर ठरते. ए३२१ ची केबिन आतून ३.७० मीटर रुंद आहे, ७३७ आणि ७५७ ची ३.५४. हे सोळा सेंटिमीटर सहा जणांत वाटले तर माणशी अडीचच्या वर येतात. ऐकायला काहीच नाही, पण शेजाऱ्याच्या कोपराशी सात तास ज्याने भांडण काढलंय त्याला विचारा. उलट ७७७ मधे आता बऱ्याच कंपन्या रांगेत दहा खुर्च्या बसवतात. तिथली खुर्ची ए३२१ पेक्षा अरुंद पडते. म्हणजे मोठ्या विमानाचे पैसे भरून लहान खुर्ची, असंही होतं.

खरी गैरसोय एकच. जेवणाची ढकलगाडी वाटेत आली की रस्ता बंद. दोन वाटांच्या विमानात पलीकडून वळसा घालता येतो, इथे गाडी मागे सरेपर्यंत उभं राहायचं. एकदा मी गाडी आणि टॉयलेट यांच्या मधे वीस मिनिटं अडकलो होतो. सेवक बिचारा दर दोन रांगांनी मागे वळून “सॉरी” म्हणत होता आणि पुन्हा चहा ओतत होता.

काठावरची, आईंना वाटेकडची खुर्ची घ्या आणि गाडी निघायच्या आधी एक फेरी मारून आणा. एवढंच.

रात्रपाळी

मी विमान कंपनीत डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन ठरवायचं काम करतो (कुठल्या ते विचारू नका). रात्रभर हेच बघत असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

‘समुद्रात मधे काही झालं तर?’ याचं उत्तर नियमांतच आहे. दोन इंजिनांच्या विमानाला, मग ते ए३२१ असो की दोन वाटांचं ७८७, वाटेतल्या प्रत्येक बिंदूपासून एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत एखादा योग्य विमानतळ गाठता आला पाहिजे. याला इटॉप्स म्हणतात. १९८५ मधे १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिकवर रुळली, पुढे ती १८० आणि त्याहून जास्त झाली. उत्तर अटलांटिक नकाशावर रिकामा दिसतो, पण आमच्या नकाशावर त्याभोवती टाचण्या टोचलेल्या असतात: आयर्लंडमधलं शॅनन, आइसलंडमधलं केफ्लाविक, कॅनडातली गूज बे आणि गँडर, खाली अझोर्स बेटांवरचं लाजेस. त्या दिवशी त्यांतल्या ज्या टाचण्यांवर आपण विसंबलोय, तिथलं हवामान ठीक नसेल तर मार्ग बदलतो.

लोकांना वाटतं आम्हाला सगळ्यात जास्त भीती इंजिन बंद पडायची असते. इंधनाचा हिशोब करताना बहुतेक वेळा कळीचा ठरतो तो दुसराच प्रसंग: बरोब्बर मधोमध असताना केबिनमधला हवेचा दाब जाणं. मग विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथल्या दाट हवेत ते इंधन पिऊन टाकतं. तशा अवस्थेत टाचणीपर्यंत पोहोचता येईल एवढं इंधन निघतानाच टाकीत लागतं, नाहीतर मी सही करत नाही. यात विमान रुंद की अरुंद याने काही फरक पडत नाही.

आता वारा. इथे मात्र फरक पडतो.

वाइड-बॉडी, म्हणजे दोन वाटांची विमानं साधारण माख ०.८५ ने जातात (माख १ म्हणजे आवाजाचा वेग), ए३२१ माख ०.७८ च्या आसपास. म्हणजे त्या उंचीवर अंदाजे ४९० नॉट विरुद्ध ४५० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). वारा नसेल तर ३,००० सागरी मैलांत हा फरक अर्ध्या तासाचा. पण समोरून १०० नॉटचा वारा घाला. एकाचे होतात ३९०, दुसऱ्याचे ३५०, आणि फरक जातो पन्नास-बावन्न मिनिटांवर. उलटा वारा हळू चालणाऱ्याकडून जास्त वसूल करतो.

काठावरचींचा मार्ग घेऊ. डब्लिन–बॉस्टन जमिनीवर मोजलं तर सुमारे ४,८०० किलोमीटर. सगळ्या वाटेवर सरासरी १०० नॉट उलटा वारा धरला (हे फारच वाईट झालं, कारण जेटस्ट्रीमचा, म्हणजे उंचावरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा जोर जिथे असतो ती जागा टाळूनच आम्ही मार्ग आखतो) तर हवेतून कापायचं अंतर होतं सुमारे ६,२०० किलोमीटर. ए३२१ एलआरचा कागदावरचा पल्ला ७,४००. कागदावरचा आणि खरा पल्ला यांत अंतर असतंच, पण तरी हात राखून आहे. तुमचं विमान या मार्गाला लहान नाही.

टंगळमंगळ

कागदावरचा पल्ला म्हणजे घराच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’.

रात्रपाळी

@टंगळमंगळ, अगदी. तो पल्ला किती माणसं आणि किती सामान धरून काढलाय ते पाहायचं. एलआरचं कमाल उड्डाण वजन ९७ टन. सामानाच्या कप्प्यात तीन जादा टाक्या बसवता येतात, पण टाक्या बसवल्या की सामानाची जागा गेली, आणि सगळ्या खुर्च्या भरल्या की टाक्या काठोकाठ भरता येत नाहीत. म्हणून लांबच्या मार्गावर कंपन्या मुळातच खुर्च्या कमी ठेवतात. याच सांगाड्यात २४४ माणसं बसवायची परवानगी आहे, आणि अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीने २०२१ मधे न्यूयॉर्क–लंडनसाठी १३८ खुर्च्याच ठेवल्या.

इंधन फुकट वाहूनही नेता येत नाही. जादा एक टन घेतलं तर त्यातलं दर तासाला तीन-चार टक्के ते स्वतःलाच वाहून न्यायला जळतं. ‘भरा की फुल्ल’ असं कोणी म्हटलं की आमच्याकडे हसतात.

खिडकी हवीच

मी त्या कागदावरच्या पल्ल्याच्या पलीकडे जाऊन आलेय :)

बरीच वर्षं झाली. जानेवारी महिना, बर्लिनहून न्यूयॉर्कजवळचं नेवार्क, ७५७, कंपनीचं नाव राहू दे. चार-साडेचार तास सुरळीत गेले. मग कॅप्टनचा आवाज: वारा अंदाजापेक्षा जोरात आहे, आपण इंधनासाठी गँडरला उतरतोय. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, “गँडर? तिथे मी १९६० मधे उतरलो होतो!” आणि त्यांना इतका आनंद झाला की मला रागवताही येईना.

उतरलो. खिडकीबाहेर बर्फाची भिंत, एक पिवळा टँकर, आणि टोपीत तोंड खुपसून नळी ओढणारा एक माणूस. आम्हाला उतरू दिलं नाही. दीड तास बसून. नेवार्कला पुढचं विमान अर्थातच गेलं होतं आणि रात्र खुर्चीवर काढली. भीती कसली वाटली नाही, वैताग मात्र आला.

जुना पत्रा

खिडकीताई, त्या आजोबांना माझा नमस्कार. तुमच्यासारखे त्या काळात पुष्कळ होते. २०११–१२ च्या हिवाळ्यात वारे नेहमीपेक्षा जोरात होते आणि युरोपातून अमेरिकेकडे जाणारी ७५७ विमानं डझनांनी गँडर, गूज बे अशा ठिकाणी इंधनाला उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांतही बरंच गाजलं होतं.

रात्रपाळी साहेबांचाच हिशोब लावून पाहा. बर्लिन–नेवार्क सुमारे ६,४०० किलोमीटर, ७५७ चा पल्ला सव्वासात हजारांच्या आसपास. शंभर नॉट उलटा वारा लागला की हवेतलं अंतर आठ हजारांच्या वर जातं. गँडरला उतरायचं हे वाऱ्याने निघायच्या आधीच ठरवलेलं होतं. दोष विमानाचा नव्हता, ते शेवटच्या इंचापर्यंत ताणलेल्या मार्गाला लावलं होतं.

आणि मुद्दाम थांबणारी एक सेवाही होती. ब्रिटिश एअरवेज २००९ पासून लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला ए३१८ नेत असे, फक्त ३२ खुर्च्यांचं. ए३२० च्या कुटुंबातलं सगळ्यात बुटकं विमान. लंडन सिटीची धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटर, भरल्या टाकीने तिथून उडता येत नसे. मग जाताना शॅननला उतरायचं, इंधन घ्यायचं, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांनी अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकायचं. येताना वारा पाठीशी, त्यामुळे न थांबता थेट. काँकॉर्डचा बीए००१ हा क्रमांक या पिटुकल्याला दिला होता! २०२० मधे कोविडात सेवा बंद पडली ती पडलीच.

टंगळमंगळ

हे सगळं ठीक. पण मुळात कंपन्या लहान विमान लावतात ते स्वतःच्या फायद्यासाठी, प्रवाशाच्या सोयीसाठी नाही, एवढं तरी मान्य करा. केबिनमधली हवासुद्धा वेगळी. ७८७ मधला दाब ६,००० फूट उंचीवरच्यासारखा असतो, ए३२१ मधला आठ हजारांपर्यंत जातो. सात तासांनी डोकं जड होतं ते काय उगाच?

रात्रपाळी

हवेचा मुद्दा खरा आहे. आईंना पाणी देत राहा.

फायद्याचा अर्धाच खरा. तीनशे खुर्च्यांचं विमान रोज भरेल अशा शहरांच्या जोड्या अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना मिळून मोजकीच आहेत. बाकीच्यांना आधी एखाद्या मोठ्या विमानतळावर जायचं, तिथे तीन तास काढायचे आणि मग पुढे. पावणेदोनशे खुर्च्यांचं विमान असेल तर ती दोन शहरं थेट जोडता येतात. ते मार्ग दुबळे असतात हेही तितकंच खरं. नॉर्वेजियन या विमान कंपनीने २०१७ मधे ७३७ घेऊन एडिंबरा, कॉर्क अशा ठिकाणांहून अमेरिकेतल्या आडबाजूच्या विमानतळांना स्वस्तात सेवा सुरू केल्या. २०१९ च्या मार्चमधे ७३७ चं मॅक्स हे नवं रूप उडवायला बंदी आली आणि त्या वर्षातच तो डाव मोडला. प्रायमेरा एअरने ए३२१ निओवर हाच प्रयोग २०१८ च्या उन्हाळ्यात केला आणि ऑक्टोबर उजाडताच कंपनीच बंद. एकच विमान नादुरुस्त झालं की बदली विमान नाही, आणि प्रवासी दुसऱ्या खंडात अडकलेला. तिकीट काढताना मी विमानाची रुंदी बघत नाही, त्या मार्गावर त्या कंपनीची दिवसाला किती विमानं आहेत ते बघतो.

हजेरीपुरता

+१. हे शेवटचं वाक्य कोरून ठेवा.

काठावरची

सगळ्यांचे आभार. पोटातला गोळा लिंबाएवढा उरलाय. आता एकच: लहान विमान हवेत जास्त हलतं ना? आईला त्याचीच धास्ती.

जुना पत्रा

हलणं नुसत्या आकारावर नसतं. पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन पेललंय हेही बघायचं. हे जितकं जास्त, तितका झोत कमी जाणवतो. भरलेल्या ए३२१ चं ते ८०० किलोच्या आसपास जातं, ७८७-९ चं सातशेच्या आसपास. म्हणजे तुमचं पिटुकलं या बाबतीत चांगलंच दणकट आहे. मोठं विमान लांब आणि लवचिक असल्याने त्याचं हलणं संथ वाटतं, लहानाचं जरा खडखडीत. पंखांजवळ बसा, शेपटीकडे नको.

गुडघ्यात मेंदू

आणि शेपटीकडे टॉयलेटची रांगही असते. कुणाचं तरी कंबरडं कायम तुमच्या खांद्याला.

खिडकी हवीच

एक्सएलआरबद्दल कुणी बोललंच नाही. त्यात म्हणे टाकी वेगळी असते?

रात्रपाळी

हो. एलआरला सुट्या टाक्या ठेवाव्या लागतात, एक्सएलआरमधे चाकांच्या कप्प्यामागे १२,९०० लिटरची टाकी सांगाड्यातच घडवली आहे. कमी जागेत जास्त इंधन. कमाल उड्डाण वजन १०१ टन, पल्ला ८,७०० किलोमीटर. ही टाकी प्रवाशांच्या पायाखालीच येते, त्यामुळे पोटावर उतरायची वेळ आली किंवा बाहेर आग लागली तर काय, यावर युरोपच्या नियामकाने जादा अटी घातल्या, एअरबसला तो भाग मजबूत करावा लागला आणि वेळही गेला. २०१९ मधे घोषणा, जून २०२२ मधे पहिलं उड्डाण, आणि पहिलं विमान स्पेनच्या आयबेरिया कंपनीला मिळालं २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस. नोव्हेंबरात ते माद्रिदहून बॉस्टनला गेलं.

मला त्यातला आवडता बदल: पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची टाकीही मोठी केली. आठ-नऊ तास, दोनशे माणसं... याचा विचार कुणीतरी बसून केला असणार.

हजेरीपुरता

आणि त्या माणसाचं नाव कुठेच येणार नाही.

काठावरची

(धागा वर काढतेय, महिन्यानंतर.)

जाऊन पोहोचलो. तिकीट बदललं नाही. आईला अकराव्या रांगेत वाटेकडची, मला मधली, खिडकीशी एक मुलगा कानाला हेडफोन लावून. अमेरिकेचं इमिग्रेशन डब्लिनलाच झालं, त्यामुळे बॉस्टनला उतरून सरळ सामानाच्या पट्ट्यावर. आईच्या दृष्टीने अख्ख्या प्रवासातली सर्वांत थोर गोष्ट हीच.

निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सात तास पंधरा मिनिटं. मधे तासभर खडखड झाली, पत्रेकाका म्हणाले तशीच. आई म्हणाली, “खडी टाकलेला रस्ता दिसतोय,” आणि झोपली. गाडीच्या आधी एक फेरी, गाडीनंतर दोन. एकदा अडकलीच, पण तिथल्या मुलीने तिला मागच्या स्वयंपाकघरात उभं राहू दिलं, पाणी दिलं. पंधरा मिनिटं दोघी गुडघ्यांवर बोलत होत्या.

वारा टाळायला मार्ग बराच वरून घेतला होता. खिडकीतल्या मुलाने हेडफोन काढून आईला हाक मारली. उजवीकडे दूर ग्रीनलंडचं टोक, पांढरं आणि त्यावर तिरपं ऊन. त्याने आपली जागा तिला दिली आणि स्वतः उभा राहिला.

परतीचं विमान ए३३० आहे, दोन वाटांचं. आईने विचारलंय, त्यात आपल्याला मधल्या चार खुर्च्यांत कोंडणार का, खिडकी मिळणार की नाही.

गुडघ्यात मेंदू

ए३३० मधे दोन-चार-दोन. कडेची जोडी घ्या, ए आणि सी. तिसरं कोणी नाही.

खिडकी हवीच

आणि डावीकडचीच घ्या. परतताना रात्र असते आणि उत्तर डाव्या हाताला येते. आकाश स्वच्छ असेल तर झोपू नका, ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड दिसतो कधीकधी.

काठावरची

घेतल्या. ए आईची.